घरातला बदल रासायनिक आहे की नाही, कसं ओळखायचं: सोलांपासून सिमेंटपर्यंत

शाळेत एक सोपा नियम शिकवतात. उलटा फिरवता येतो तो भौतिक बदल, फिरवता येत नाही तो रासायनिक. हा नियम घेऊन स्वयंपाकघरात गेलात तर पहिल्याच तासात अडकाल. खवलेला नारळ पुन्हा अखंड होत नाही, पण खोबरं खोबरंच राहतं. कपड्यावरचा हळदीचा डाग मात्र साबणाने लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा होतो. बदल सहज उलटला, तरी तो रासायनिकच आहे.

म्हणून विचारायचा प्रश्न दुसरा आहे: आधी नव्हता असा पदार्थ आता तयार झाला आहे का? रंग बदलणं, वायू सुटणं, गरम किंवा थंड होणं, नवा वास येणं, स्वच्छ द्रवात साका धरणं, या सगळ्या त्याच्या खुणा आहेत. यातली कुठलीही एक खूण एकटी पुरावा होत नाही. निदान दोन खुणा जुळल्या आणि शेजारी ठेवलेल्या न बदललेल्या नमुन्याशी तुलना केली, तरच निर्णय द्यावा.

तयारी

लागणारं सामान बहुतेक घरात असतं: काचेचे चार-पाच ग्लास किंवा जॅमच्या बरण्या, हळद, सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली, आमसुलं), लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, पानाचा चुना, कपडे धुवायचा वडीचा साबण, साधे लोखंडी खिळे, फुगा आणि पातळ प्लॅस्टिकची नळी. मत्स्यटाकीला लावतात ती नळी चालते. भांडी काचेची किंवा स्टीलची घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यावर आम्ल आणि चुना या दोघांचाही परिणाम होतो, मग नेमकं काय बदललं ते कळत नाही.

प्रत्येक प्रयोगाचे दोन नमुने करा. एकावर क्रिया करायची, दुसरा तसाच शेजारी ठेवायचा. नवखे लोक नेमका हाच दुसरा ग्लास गाळतात आणि मग ‘रंग आधीपासूनच असा होता का?’ यावर वाद घालत बसतात. चिठ्ठी चिकटवून वेळ लिहून ठेवा.

पायरी १: रंगापासून सुरुवात

एक चमचा हळद तीन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये घोळवा. आसपास गॅस किंवा निरांजन पेटतं नको. हळदीतला पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून स्पिरिट लागतं. नुसत्या पाण्यात कालवली तर कागदावर कण बसतात आणि रंग डागाडागाने येतो. वरचा पिवळा द्रव टिपकागदावर किंवा कॉफीच्या गाळणीच्या कागदावर पसरा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. उन्हात वाळवू नका, कारण पुढे येईल.

आता एका पट्टीवर लिंबाचा रस, दुसरीवर साधं पाणी, तिसरीवर सोड्याचं पाणी, चौथीवर साबणाच्या वडीचं पाणी आणि पाचवीवर चुन्याच्या निवळीचा (म्हणजे चुन्याच्या वरच्या स्वच्छ पाण्याचा, कृती पायरी २ मध्ये) थेंब टाका. पहिल्या दोन पिवळ्याच राहतील. सोड्याची जराशी तांबूस होईल, साबणाची तपकिरी लाल, चुन्याची गडद लाल. हळद आणि चुन्यापासून कुंकू करण्याची जुनी रीत याच क्रियेवर उभी आहे.

पट्टी लालच होत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा भांडी घासायचा द्रव किंवा हँडवॉश वापरला असणार. त्यातले बरेच उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी असतात, त्यांच्याने हळद हलत नाही. वडीचा साबण घ्या.

लाल पट्टीवर लिंबू टाका, पिवळा रंग परत येईल. मग एक कोरी पिवळी पट्टी अर्धी झाकून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. उघडा भाग फिका पडेल आणि त्यावर लिंबू, साबण, चुना काहीही टाकलं तरी पूर्वीचा रंग येणार नाही, कारण उन्हाने तो रेणूच तोडला. एकाच कागदावर एक उलटणारा आणि एक न उलटणारा असे दोन रासायनिक बदल दिसले. शाळेतल्या नियमाची मर्यादा यापेक्षा स्वस्तात दाखवता येत नाही. शिवाय कढीचा डाग लागलेला पांढरा सदरा धुऊन उन्हात का घालावा, हेही कळतं.

सोलांनी हाच प्रयोग जास्त देखणा होतो. चार-पाच सोलं अर्धा कप कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर एक चमचा आगळ अर्ध्या कपात पुरे, पण त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवा. लाल पाणी दोन ग्लासांत वाटा. एकात चिमूट चिमूट सोडा घाला. आधी फेस येईल, मग लाल रंग जाऊन जांभळट, पुढे राखाडी हिरवट छटा येईल. सोडा एकदम चमचाभर ओतलात तर मधल्या छटा दिसणारच नाहीत आणि ग्लास उतू जाईल. हे पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं.

सोलकढीत नारळाचं दूध पडल्यावर लाल रंगाचा गुलाबी होतो, तो मुख्यतः पांढऱ्या दुधात रंग विरल्यामुळे. रंग बदलला एवढ्यावरून रासायनिक म्हणून मोकळं होऊ नये, याचं हे जवळचं उदाहरण. सोलं हाताशी नसतील तर जास्वंदीची तीन लाल फुलं गरम पाण्यात कुस्करा. लिंबाने ते पाणी लालभडक होतं, सोड्याने हिरवट.

पायरी २: बुडबुडा कसला आहे ते तपासा

चहाचं आधण ठेवलं की आधी तळाशी बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. मग मोठे बुडबुडे फुटतात, ती वाफ. दोन्ही वेळा पाणी पाणीच राहतं. सोड्यात व्हिनेगर टाकल्यावर येणारे बुडबुडे मात्र कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे नव्याने तयार झालेल्या वायूचे. डोळ्यांना फरक दिसत नाही. तो चुन्याची निवळी दाखवते.

निवळी अशी करा: अर्धा लहान चमचा पानाचा चुना अर्धा लीटर पाण्यात ढवळा आणि झाकून रात्रभर ठेवा. एक लीटर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, म्हणून तळाशी गाळ राहणारच. जास्त चुना घालून निवळी ‘कडक’ होत नाही. सकाळी वरचं स्वच्छ पाणी न हलवता ओतून घ्या. झाकण नसेल तर पाण्यावर पातळ पांढरा पापुद्रा येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून निवळी तिथेच कामाला लागलेली असते. तो पापुद्रा काढून टाका. निवळी डोळ्यांत उडाली तर चुरचुरते, लगेच भरपूर पाण्याने धुवा. मुलांच्या हातात देऊ नका.

दोन बोटं निवळी ग्लासात घेऊन नळीने त्यात सावकाश फुंका. ओढायचं नाही, फुंकायचं. मिनिट-दोन मिनिटांत पाणी दुधाळ होतं. हा नवा पांढरा पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तिसऱ्या-खुब्यांच्या शिंपल्यात असतो तोच. बराच वेळ फुंकत राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, कारण तो पदार्थ जास्तीच्या वायूमुळे विरघळणाऱ्या तिसऱ्या पदार्थात बदलतो. पुष्कळांना वाटतं प्रयोग बिघडला. बिघडलेला नसतो.

शिंपल्यांच्या चुन्याने घराला सफेदी करण्यामागेही हेच चक्र आहे. शिंपले भट्टीत भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो विरतो. भिंतीवर लावल्यावर हवेतला तोच वायू परत शोषून पुन्हा शिंपल्याच्या मूळ पदार्थात घट्ट होतो. चुन्याची सफेदी नुसती वाळत नाही, ती बनते. कळीचा चुना घरी विरवून पाहण्याच्या भानगडीत मात्र पडू नका; पाणी पडताच तो उकळी फुटेल इतका तापतो आणि अंगावर उडतो.

आता फुगा. पाव लहान चमचा सोडा, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम, कोरड्या फुग्यात भरा. अर्ध्या लीटरच्या बाटलीत ५० मिली व्हिनेगर घ्या. फुगा तोंडाला बसवून उभा करा, सोडा खाली पडेल. सुमारे एक तृतीयांश लीटर वायू तयार होतो आणि फुगा मुठीएवढा होतो. पूर्ण चमचा सोडा म्हणजे दीड लीटरच्या आसपास वायू, म्हणून बूच घट्ट लावलेल्या बाटलीत हा प्रयोग कधीही करू नये. फुगा फुगलाच नाही तर व्हिनेगर पातळ असेल. माडाच्या सुरीपासून (नारळाच्या झाडाच्या ताडीपासून) घरी केलेल्या व्हिनेगरची तीव्रता सारखी नसते. प्रयोग चालू असताना बाटलीला हात लावा. ती गार लागेल. रासायनिक बदलात उष्णता बाहेरच पडते असं नाही, ती आत ओढलीही जाते.

हीच नळी आंबवण्याला लावा. पाव लीटरच्या बाटलीत १०० मिली कोमट पाणी, दोन चमचे साखर, अर्धा चमचा यीस्ट घाला. बुचाला भोक पाडून नळी घाला, फट मळलेल्या कणकेने बंद करा आणि नळीचं दुसरं टोक निवळीत बुडवा. तासाभरात बुडबुडे येऊ लागतात, निवळी दुधाळ होते. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम घेतलं तर यीस्ट मरतं आणि काहीच होत नाही. सान्नांचं (गोव्यातल्या इडलीसारख्या पदार्थाचं) पीठ सुरीने किंवा यीस्टने फुगतं ते या वायूमुळे.

पायरी ३: एकाच कामातले दोन बदल वेगळे करा

इथे गोव्यातली उदाहरणं पुस्तकातल्यांपेक्षा सरस आहेत. काजूची बोंडं मळून रस काढला, तो भौतिक बदल. रस दोन-तीन दिवस आंबला, साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड झालं, तो रासायनिक. भाटीवर (दारू गाळायच्या भट्टीवर) चढवून वाफ थंड करून हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, काढला आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी, ते परत भौतिक. अल्कोहोल आंबवतानाच तयार झालेलं असतं, भाटी फक्त ते पाण्यापासून वेगळं आणि दाट करते. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पेयात मूळ रसायन हे यीस्टचं काम आहे. हे ऐकून समजून घ्यायचं, घरी करून पाहायचं नाही.

माडाची सूर अशीच. ताजी गोड असते, काही तासांत आंबते आणि उघडी राहिली तर अल्कोहोलचं व्हिनेगर होतं. गुळासाठी रस गोळा करताना मडक्याला आतून चुना लावतात, तो आंबणं रोखण्यासाठी. रस आटवताना पाणी जातं तो भौतिक भाग; रंग तपकिरी होतो आणि खमंग वास सुटतो, तिथे साखर आणि प्रथिनांच्या घटकांची रासायनिक क्रिया चालू असते.

मिठागरात मात्र समुद्राचं पाणी उन्हात आटतं आणि आधीपासून असलेलं मीठ उरतं. एवढा मोठा उद्योग, पण मीठ तयार होण्यात नवा पदार्थ एकही नाही.

केळं पिकणं तपासायचं असेल तर जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन घ्या. दहा थेंब दोन मोठे चमचे पाण्यात. कच्च्या केळ्याच्या चकतीवर थेंब टाकला की काळानिळा डाग पडतो, तो पिष्टाचा. पूर्ण पिकलेल्या केळ्यावर डाग फिका, कारण बरंचसं पिष्ट साखरेत गेलेलं असतं. चकत्या टाकून द्या, खाऊ नका.

पायरी ४: गंज

समुद्राजवळच्या घरात हा बदल शोधावा लागत नाही. तरी कारण कळण्यासाठी चार बरण्या लावा.

१. कोरडा खिळा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, झाकण घट्ट.
२. दहा मिनिटं उकळलेलं पाणी काठोकाठ, त्यात खिळा, वर बोटभर खोबरेल तेल.
३. विहिरीचं किंवा नळाचं पाणी, खिळा अर्धा बुडालेला.
४. तसंच, पण २०० मिली पाण्यात एक चमचा मीठ.

खिळे आधी साबणाने धुऊन पुसा, नव्या खिळ्यांवर तेलाचा हात असतो. चकचकीत रुपेरी खिळे घेऊ नका. त्यांच्यावर जस्ताचा थर असतो आणि आठवडाभर वाट पाहूनही निराशाच हाती येते. उकळतं पाणी थेट थंड बरणीत ओतलं तर काच तडकते, आधी बरणी गरम पाण्याने शेकवा. तेल ओतायला उशीर केला तर पाण्यात हवा परत मुरते आणि दुसरी बरणीही गंजते. पावसाळ्यात सिलिकाच्या उघड्या पुड्या ओल्या होऊन निकामी झालेल्या असतात, नव्या घ्या.

दोन-तीन दिवसांत तिसरी आणि चौथी बरणी गंज दाखवेल, पाण्याच्या रेषेजवळ जास्त. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मीठ ही क्रिया वेगाने पुढे नेतं. खिडकीच्या ग्रिलवर खाऱ्या वाऱ्याने मीठ बसतं, म्हणून रंग लावण्याआधी ग्रिल गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायला हवी. मिठावर मारलेला रंग फुगून सुटतो.

चिऱ्याच्या (जांभ्या) दगडाचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. पण पावसात चिऱ्याची लाल माती अंगणात वाहून येते तेव्हा काही नवं घडत नाही, जुना गंज जागा बदलतो. याउलट लोह असलेल्या विहिरीचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत रात्रभर राहिलं की पिवळसर होऊन तळाशी तांबूस गाळ धरतं. तिथे विरघळलेलं लोह हवेने बदललं, हा बदल रासायनिक. असे तांबूस डाग कपड्यावर पडले तर ब्लीच वापरू नका, डाग आणखी पक्का बसतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग धुवा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीजवळ करून पाहा.

भांडी आणि मासळी

चवथीच्या आधी समया घासताना सोलं, चिंच किंवा बिंबलं आणि मीठ वापरतात. आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा ऑक्साइडचा थर विरघळवतं. पाच मिनिटं पुरेत. पितळ तासन्‌तास आंबटात राहिलं तर जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. धुऊन लगेच कोरडं पुसा. कल्हई उडालेल्या भांड्यात सोलकढी किंवा आंबट हुमण (माशाची आमटी) ठेवू नका, तांबं उतरतं. हिरवा थर दिसला तर ते भांडं घासून कल्हई होईपर्यंत बाजूला ठेवा.

मासळीचा वास हा जिवाणूंनी केलेल्या रासायनिक बदलाचा आहे. समुद्री माशात असलेल्या एका वासहीन पदार्थापासून ट्रायमिथाइल अमाइन बनतं. ते अल्कधर्मी असल्यामुळे लिंबू, व्हिनेगर किंवा सोलं लावली की त्याचं न उडणारं क्षारद्रव्य होतं आणि हाताचा वास जातो. पण वास गेला म्हणजे मासा ताजा झाला असं समजू नका. बांगडा, तारली यांसारखी मासळी बर्फाविना राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि त्याला वास असेलच असं नाही. इथे नाक हे विश्वासार्ह साधन नाही, बर्फ आहे.

ज्योत, सिमेंट आणि एक सक्त मनाई

गॅस गळणं हा भौतिक बदल, जळणं रासायनिक. निळ्या ज्योतीत मधूनच पिवळा लपका दिसला तर दोन शक्यता असतात. मीठ असलेलं पाणी उतू गेलं तर सोडियममुळे ज्योत क्षणभर पिवळी होते आणि भांडं स्वच्छ राहतं. पिवळेपणा टिकला आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरली तर हवा कमी पडते आहे. बर्नरची भोकं साफ करा, खिडकी उघडा. अर्धवट जळण्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि त्याला वास नसतो.

सिमेंट वाळून घट्ट होतं हा सर्रास गैरसमज आहे. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. म्हणून नवा गिलावा निदान ७ दिवस ओला ठेवायचा. गवंडी गेल्यावर पाणी मारायचं राहिलं तर क्रिया अर्धवट थांबते, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि चिरा पडतात.

ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं आम्ल कधीही एकत्र आणू नका, एकामागोमाग एकही नको. क्लोरिन वायू सुटतो. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ हा हिशेब इस्पितळात नेतो. चुकून मिसळलंच तर श्वास रोखून बाहेर पडा, दार उघडं ठेवा.

निर्णय अडतो तिथे

कापूर ताटात उघडा ठेवला की हळूहळू नाहीसा होतो, तो भौतिक बदल. वासाचा कापूर कापूरच असतो. आरतीला पेटवला तो रासायनिक. निरांजनात तूप वितळणं आणि जळणं एकाच वेळी चालू असतं, तिथे ‘कुठला एक’ असं विचारणंच चूक.

सोलं वाळवताना पाणी जाणं भौतिक, रस आणि मिठाचे हात देताना त्यांचं मुरणंही भौतिक, पण लाल रंगाचा हळूहळू काळपट होत जाणारा भाग हवेमुळे झालेला रासायनिक बदल असतो. काळपट सोलं खराब नसतात. त्यांच्यावर पांढरं काही दिसलं तर एक सोल कोमट पाण्यात टाका. मिठाचे स्फटिक असतील तर ते विरघळून जातील. पांढरं तसंच राहिलं, कापसासारखी लव दिसली किंवा कुबट वास आला तर बुरशी आहे. वरचं पुसून उरलेली वापरू नका, बरणीतली सगळी टाका आणि बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करा.